बाबांचा दुपारचा कॉम्प्युटर

आई होती तेव्हा बाबांना कॉम्प्युटरवर काही अडलं की ती मला फोन लावायची. बाबा कॉम्प्युटरसमोर, आई फोन धरून त्यांच्या मागे आणि मी लोअर परळच्या ऑफिसात. मी आईला सांगायचे, आई बाबांना सांगायची. आई गेल्यावर मधला दुवाच गेला. फोनवर बोलण्याआधी मी एकदा खोकते, त्या खोकण्यावरूनच बाबा मला ओळखत. मी विचारायचे, डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय? ते म्हणायचे, गणपती. ते खोटं नव्हतं. कॉम्प्युटरच्या डावीकडे देव्हारा होता.

म्हणून एका रविवारी गिरगावात जाऊन मी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक सोय करून ठेवली. माझ्या ऑफिसातल्या टेबलावर बसून मी त्यांचा नंबर आणि पासवर्ड टाकला की त्यांचा पडदा माझ्या पडद्यावर दिसे आणि त्यांचा माऊस माझ्या हातात येई. बाबांनी काहीच करायचं नव्हतं. बाहेरून जोडायला परवानगी द्यायची एक चौकट होती, तिच्यात मी बरोबरची खूण केली आणि सांगितलं, हिला हात लावू नका. त्यांनी मान डोलावली. माझगावला गोदीच्या एका ऑफिसात सबंध आयुष्य कारकुनी केलेला माणूस. हात लावू नका म्हटल्यावर तो लावणार नाही, अशी माझी खात्री होती.

मी विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासायचं माझं काम. नवरा म्हणतो की हे काम मी दादरला घरीही घेऊन येते. असेलही. पण पुढे जे झालं त्यात संशय घ्यायला जागा होती, हे त्यानेही मान्य केलं.

गणपती होऊन गेले आणि जोडणी बिघडायला लागली. सकाळी जोडलं तर एका क्षणात जोडलं जाई. दुपारी जोडलं की पडद्यावर गोल गोल चक्र फिरत राही आणि मग उत्तर येई, समोरचा कॉम्प्युटर उपलब्ध नाही. मला वेळ मिळायचा तो नेमका जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे दुपारीच. आधी वाटलं, बाबा दुपारी झोपतात तसा कॉम्प्युटरही झोपत असेल. वापरात नसला की तो आपोआप झोपतो. ती सेटिंग मी एका सकाळी ऑफिसातूनच बदलली, कधीच झोपू नकोस असं त्याला सांगितलं. दुपारी पुन्हा तेच चक्र.

मग राउटरवर संशय आला. तो फ्रिजवर ठेवलेला होता. तो तिथून काढून खिडकीच्या फळीवर ठेवायला लावला. फरक पडला नाही. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणारा एक जण आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला की अँटीव्हायरस दुपारी अपडेट होत असेल आणि तेवढा वेळ बाहेरच्याला आत घेत नसेल. मी अपडेटची वेळ पहाटेची केली. तरीही नाही. शेवटी नेटवाल्याला पाठवलं. त्याने गॅलरीतली वायर बदलली आणि मला फोन केला. "ताई, इथून सगळं ओके आहे," तो म्हणाला. "लाइन बंद वगैरे कधीच नव्हती. उलट दुपारीच तुमच्याकडे जास्त वापर दिसतोय."

मी फोन ठेवला. बाबा सांगत होते की दुपारी ते झोपतात. मग दुपारी नेट वापरत होतं कोण?

बाबा चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. आदल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. शेजारच्या खोलीतल्या काकींकडे त्यांच्या दाराची किल्ली असते. त्या दिवसातून एकदा तरी डोकावतात. मी काकींना आडून आडून विचारलं, दुपारी बाबांकडे कोणी येतं का? काकी म्हणाल्या, कोणी येत नाही, पण दार लोटलेलं असतं आणि आतून बोलण्याचा आवाज येतो. टीव्ही असेल असं त्यांना वाटे. बाबा आई गेल्यापासून टीव्ही लावत नव्हते.

त्या सुमारास ऑफिसातल्या एका बाईच्या सासूला कोणीतरी असंच फसवलं होतं. बँकेतून बोलतोय असं सांगून त्या म्हाताऱ्या बाईकडून कॉम्प्युटरची जोडणी करून घेतली होती आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा माऊस आपोआप फिरत होता. कोणाला सांगाल तर पोलीस येतील, असं तिला बजावलं होतं, म्हणून ती कितीतरी दिवस घरात गप्प होती. ही हकिकत मी ऐकली आणि मला बाबांचं अलीकडचं वागणं दिसायला लागलं. दुपारी फोन केला तर ते उचलतच नसत, किंवा उचलून "बरं, नंतर बोलतो" म्हणून ठेवून देत. कानाला लावायचे मोठे हेडफोन त्यांनी आणले होते. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, स्वस्तात मिळाले.

पुढच्या रविवारी मी गिरगावात गेले, आणि बाबा खाली दूध आणायला गेल्यावर कॉम्प्युटर उघडून बसले. परवानगीच्या चौकटीतली खूण होती तशी होती. म्हणजे तिथे काही बिघाड नव्हता. सोमवारी दुपारी पुन्हा जोडणी नाकारली गेली. तेव्हा मी ऑफिसातूनच काकींना फोन केला आणि बाबा गॅलरीत असताना चौकट बघायला लावली. मी फोनवर सांगत गेले, त्या बघत गेल्या. चौकट रिकामी होती. संध्याकाळी मी जोडलं तर खूण परत आलेली होती.

म्हणजे कोणीतरी दुपारी ती काढत होतं आणि काम झालं की पुन्हा करत होतं. यंत्र असं करत नाही. मी बाबांना फोनवर सरळ विचारलं. ते म्हणाले, "तुझ्याच हातून झालं असेल." बाबा माझ्याशी खोटं बोलले असं याआधी मला कधी वाटलं नव्हतं. खोटं बोलायला त्यांना कोणी लावतंय, हे मी मनात पक्कं करून टाकलं.

त्यानंतर मी रोज दुपारी प्रयत्न करायला लागले. डबा बाजूला ठेवून आधी जोडून बघायचे. रोज नकार यायचा. आणि मग एके दिवशी, बहुधा ते खूण काढायला विसरले म्हणून, जोडणी लागली.

माझ्या पडद्यावर बाबांचा पडदा आला. पण त्याच्या आत आणखी एक पडदा होता. कोणाचा तरी दुसराच कॉम्प्युटर. काळी पार्श्वभूमी, तिच्यावर पिवळी, बोटभर उंच अक्षरं. नुसते आकडे नाव म्हणून असलेल्या फायली एकाखाली एक, खूप. आणि बाण आपोआप फिरत होता. तो एका फाइलवर आला, तिचं नाव पुसलं गेलं. मला वाटलं, बाबांच्या फायली पुसताहेत. आईचे फोटो त्यातच होते.

मी माऊस पकडून बाण ओढला. तो थांबला. मग उलट दिशेला गेला. मी पुन्हा ओढला, समोरून पुन्हा कोणी ओढला. एकाच बाणावर दोन हात होते आणि दुसरा हात कोणाचा ते मला माहीत नव्हतं. मग बाण सुटला आणि जिथे फाइलचं नाव लिहायचं तिथे एकेक अक्षर उमटायला लागलं. कोण आहे.

मी बाबांना फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. मग काकींना लावला. म्हटलं, काकी, आत्ताच्या आत्ता बाबांच्या खोलीत जा आणि खिडकीच्या फळीवरच्या डब्याची वायर काढा. बाबा काही म्हणाले तरी काढा, कॉम्प्युटरात चोर शिरलाय. काकींनी एकही प्रश्न विचारला नाही. थोड्या वेळात माझा पडदा काळा झाला. मी साहेबांना सांगून निघाले, खाली टॅक्सी केली आणि गिरगाव गाठलं.

वर गेले तेव्हा काकी पलंगावर बसल्या होत्या. राउटर वायरीसकट त्यांच्या मांडीवर होता. बाबा खुर्चीत होते, हेडफोन गळ्यात, चेहरा लालबुंद. ते मला बघून उठले नाहीत.

"यांना तू सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, आणि कोण होतं ते सांगा. कोण तुमच्या कॉम्प्युटरात येतं रोज दुपारी?

"माझ्या कॉम्प्युटरात कोणी येत नाही," बाबा म्हणाले. "मी जातो."

मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं हे त्यांना पढवलेलं उत्तर आहे. मी विचारलं, कुठे जाता? ते म्हणाले, ओळखीच्यांकडे. कोण ओळखीचं? कधीपासून? मी दावा तपासताना विचारते तसं विचारत गेले आणि ते बंद होत गेले. काकी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. बाबा म्हणाले, बाण खेचत होतीस ती तूच का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटलं त्यांच्या मशीनमध्ये कोणीतरी घुसलं. मी भिऊन विचारलं, कोण आहे म्हणून."

मग त्यांनी सांगितलं की वायर निघाल्यावर त्यांनी गॅलरीच्या टोकाला जाऊन मोबाइलवरून फोन केला होता. खोलीत रेंज धड येत नाही, टोकाला येते. पण तिकडे कोणी फोन उचलत नव्हतं. कोणाला केला, हे मात्र तेव्हाही सांगितलं नाही. मला वाटलं, पकडले गेल्यावर कोण उचलेल फोन?

आमचं हे चाललेलं असताना जिन्यावर पावलं वाजली. आमचा जिना लाकडी. कोण कसं चढतंय ते वरपर्यंत ऐकू येतं. हे चढणारं माणूस एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थांबत येत होतं. दारात एक वयस्क बाई आल्या, एका तरुण शेजारणीचा दंड घट्ट धरून. उंच, पांढरे केस, सुती साडी, पायात घरातल्या सपाता. त्यांची नजर आमच्या कोणावरच ठरत नव्हती. त्यांनी खोलीच्या दिशेने तोंड करून विचारलं, "आहेत का ते?"

बाबा उठले. "आहे, बाई. मी इथे आहे."

त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. त्यांना धाप लागली होती. काकींनी राउटर बाजूला ठेवून त्यांना पलंगावर बसवलं आणि पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "कोणी तरी बाई ओरडल्या, खुर्ची सरकली आणि तुमचा आवाज गेला. मी हाका मारल्या. मला वाटलं, गेलात."

त्या शीवहून आल्या होत्या. आवाज बंद झाल्याबरोबर त्यांनी शेजारणीला उठवलं होतं, टॅक्सी करायला लावली होती आणि चप्पल बदलायचंही राहून गेलं होतं.

मग सगळं कळलं, थोडं त्यांच्याकडून, थोडं बाबांकडून. त्या बाबांच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. त्यांचे यजमान परळच्या गिरणीत होते आणि भजनाचे बुवा होते. डबलबारीत उभे राहायचे. म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात आणि रात्रभर भजनातून एकमेकांना सवाल-जवाब करतात. कोकणातल्या माणसांत त्याचं फार वेड. बुवांच्या कितीतरी बाऱ्या कोणी ना कोणी कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. बुवा गेल्यावर बाईंच्या पुतण्याने त्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवून दिल्या, पण नावं न घालता, नुसते आकडे. तोपर्यंत बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार बळावला. अक्षरं कितीही मोठी केली तरी मधोमध डागच दिसे. कुठल्या आकड्यात कुठली बारी, त्यांना शोधता येत नव्हतं.

ऑफिसातल्या कोणाच्या तरी अंत्ययात्रेत त्यांची आणि बाबांची गाठ पडली तेव्हा हा विषय निघाला. बाबांनी मी त्यांच्यासाठी काय सोय केली आहे ते सांगितलं. माझं बघून बघून ते शिकले होते. तेव्हापासून रोज दुपारी ते गिरगावातून शीवच्या कॉम्प्युटरात जायचे, एक फाइल उघडायचे आणि वाजवायचे. बाई तिकडे ऐकायच्या आणि कॉम्प्युटरवरूनच बाबांना सांगायच्या, ही लालबागची, गोकुळाष्टमीची, ही नायगावची. बाबा तसं नाव टाकायचे. ज्या फायलींची नावं पुसली जाताना मी पाहिली ती ही.

मी बाबांना विचारलं, यात लपवण्यासारखं काय होतं?

बाबांनी बाईंकडे पाहिलं. बाई आवाजाच्या रोखाने माझ्याकडे वळल्या. "मीच सांगितलं होतं, कोणाला बोलू नका," त्या म्हणाल्या. "पुतण्याला कळलं तर तो म्हणेल, परका माणूस कॉम्प्युटरात कशाला घेतलास. आणि तुझी आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. लोक काय, कुठूनही सुरू करतात."

लोक म्हणजे त्या कोणाला म्हणत होत्या ते मला कळत होतं. काकी चहा टाकायला आत गेल्या होत्या, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

चहा झाल्यावर बाबा म्हणाले, मशीन तिकडे चालूच राहिलं असेल, बघायला हवं. मी राउटर परत लावला. दिवे एकेक करून हिरवे झाले. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, नंबर टाकला, आणि शीवच्या बंद घरातला तो काळा-पिवळा पडदा समोर उघडला. बारी अजून वाजत होती. बाबांनी हेडफोनची वायर काढली आणि आवाज खोलीत आला. पखवाज, झांजा, मागे माणसांचा कोरस, आणि त्यावर एक खडा, चढा आवाज. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या दोन खोल्यांतली माणसं गॅलरीत आली. मी बाईंना म्हटलं, काय आवाज होता बुवांचा.

"हे ते नव्हेत," बाई म्हणाल्या. "हा समोरचा बुवा. ह्यांची पाळी मागाहून येते."

मग आम्ही मागाहूनची वाट बघत बसलो. ती आली तेव्हा आवाज बराच खालचा निघाला, थोडा बसलेला, पण शब्द एकेक स्वच्छ. समोरच्याने घातलेलं कोडं त्यांनी आधी तसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि मग हळूहळू सोडवत गेले. बाई मांडीवर बोटांनी ताल धरून ऐकत होत्या. बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. मी दोघांकडे बघत होते. त्या वेळीही मी हेच तपासत होते की हे फक्त फायलींना नावं घालणं आहे की आणखी काही, आणि मला काही ठरवता आलं नाही.

बाईंना पोचवायला बाबा टॅक्सीने शीवपर्यंत गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, तू ऑफिसात जा, अजून थोडा दिवस उरलाय. परत आल्यावर रात्री त्यांनी मला फोन केला. दुपारी ती खूण ते काढूनच ठेवणार होते, एवढंच सांगायचं होतं. सकाळी आणि संध्याकाळी मी वाटेल तेव्हा यावं. मी म्हटलं, ठीक आहे. फोन ठेवताना ते म्हणाले, "येण्याआधी विचारत जा. मी बाईंच्या इथे जाताना विचारतो."

तेव्हापासून मी विचारते. दुपारी मात्र अजूनही अधूनमधून मन चाळवतं. जेवता जेवता हात नंबराकडे जातो. एकदा तर मी जोडून पाहिलंच. नकार आला आणि बरं वाटलं.

दिवाळीच्या आधी शीवच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला. बाबांनी इकडून सगळे उपाय करून पाहिले. आवाज वाढवला, दुसरा स्पीकर निवडला, बंद करून चालू केला. बाबांना वाटलं, वायर सैल झाली असेल आणि ते गिरगावातून दिसणार नाही. त्यांचा गुडघा धरला होता म्हणून त्यांनी मला जायला सांगितलं. मी शनिवारी सकाळी शीवला गेले. जुनी तीन मजली इमारत, तळमजल्यावर बाईंचं घर. मी बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं.

"कोण?"

मी सांगितलं, बाबांची मुलगी, गिरगावची. कॉम्प्युटरचा आवाज बघायला आले.

बाई आतून म्हणाल्या, "असं कोणीही येऊन म्हणेल."

मी म्हटलं, त्या दिवशी आपण भेटलो होतो, मी तुमच्याशी बोलले होते. त्या म्हणाल्या, त्या दिवशी तू रागात होतीस, आवाज वेगळा होता. उभी राहा. दार लागलं. आत त्या बाबांशी फोनवर बोलत असल्याचं ऐकू येत होतं. मी कशी दिसते ते त्यांना विचारून उपयोग नव्हता, म्हणून बहुधा दुसरंच काही विचारत असाव्यात. मी पायपुसण्यावर उभी राहून वाट बघत होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि नवी वायर.

दार पुन्हा साखळीएवढं उघडलं. "जरा खोक," बाई म्हणाल्या.

मी खोकले.

त्यांनी साखळी काढली आणि मला आत घेतलं.